जिथं माप घेताना कुणी हसत नाही

लावणीची शिवलेली नऊवारी कुठं करून घेतोस, असं वर्षातून दहा-बारा जण तरी मला विचारतात. फोनवर पत्ता सांगताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही. मास्तरांनीच हात जोडले, "नाव घालू नका ओ, आहे तेवढंच काम उरकंना." पण सोलापुरात बाळीवेशीकडं येऊन 'नाटकाच्या कपड्याचे मास्तर' म्हणून विचारलं की कुणीही बोळ दाखवतं. खाली किराणा, शेजारून अरुंद जिना, वर दोन खोल्या. जिन्याला दोर बांधलेला आहे, तो धरूनच चढा. तिसरी पायरी उंच आहे आणि वर बल्ब नाही.

मी कोण ते आधी सांगतो, त्याशिवाय या दुकानाची किंमत कळायची नाही. दिवसा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. रात्री, सुपारी असेल तेव्हा, स्त्रीवेशात लावणी करतो. एकोणीस वर्षं झाली. जत्रा, गणपती, नवरात्र, कुणाच्या मुलाचं बारसं, बँकेचं स्नेहसंमेलन, आणि दोनदा हुतात्मा स्मृती मंदिरात. घरी बायको आहे, नववीतला मुलगा आहे, आई आहे. साडीला इस्त्री बायकोच करते, मला ती नीट जमत नाही.

सुरुवातीची पाच वर्षं मी भाड्याच्या साडीवर काढली. मग पैसे जमवून एका दुकानात शिवायला टाकली. ते दुकान आता राहिलेलं नाही, त्यामुळं नावाचा प्रश्नच नाही. तिथं छातीचं माप घेताना मशीनवरची दोन पोरं थांबली आणि एकमेकांकडं बघून हसायला लागली. टेप धरणाराही हसला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिलो. अजून आठवतंय, त्यावर पंढरपूरच्या विठोबाचा फोटो होता. ट्रायलला परत जायची हिंमत झाली नाही. साडी आली तशी घेतली आणि मोहोळच्या पुढं एका गावच्या जत्रेत घातली. दुसऱ्या कडव्याला बैठक मारली आणि मांडीतली शिवण वीतभर उसवली. पुढची सगळी लावणी मी प्रेक्षकांकडं तोंड ठेवून, पाय जवळ धरून काढली. ढोलकीवाल्यानं ओळखलं, लय चढवली आणि दोन कडवी गाळून लावणी उतरवली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. उसवलेली साडी माझ्या नाकर्तेपणानं उसवली, असंच मला त्या वेळी वाटलं होतं. मापाला लाजलो त्याची ती शिक्षा, असं.

या मास्तरांकडं पहिल्यांदा गेलो २०११ साली. मी जिना चढून गेलो आणि नेहमीप्रमाणं एका दमात सगळं सांगायला सुरुवात केली. मला लावणीसाठी साडी शिवायची आहे, म्हणजे मी स्वतःच नाचतो, पण मी संसारी माणूस आहे, नोकरी आहे, मूल लहान आहे. मास्तर ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. बैठकीची का फडाची?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी एकामागून एक विचारलं. बसून अदा करायचीय का उभ्यानं नाचायचंय? गिरकी किती, डावीकडं का उजवीकडं? स्टेज फळ्यांचं असतं का मातीचं? चाळ किती घुंगरांचे? एका कार्यक्रमात साडी बदलायला वेळ किती मिळतो? हे सगळं वहीत उतरलं आणि त्यानंतर टेप हातात आला. मशीनवर तेव्हाही दोन पोरं होती. त्यांची मशीन चालूच राहिली.

माप घ्यायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. उभ्यानं कंबर, छाती, उंची सगळेच घेतात. हे मांडीभोवती टेप धरतात आणि म्हणतात, "बसा. पूर्ण बसा. आता एक पाय पुढं टाका." टेप किती सरकला ते बघतात. माझ्या मांडीला उभ्यानं जे माप होतं त्यात बैठकीत साडेतीन इंचांचा फरक पडला. तो फरक ज्याला माहीत नाही त्याच्या हातची साडी फाटणारच. मास्तर तिथं मियानी घालतात, म्हणजे पायजम्याला दोन पायांच्या जोडावर जो चौकोनी तुकडा असतो तो. साडीच्याच कापडातला घालतात आणि निऱ्यांच्या आड असा बसवतात की शोधूनही सापडत नाही. माझी पहिली साडी या मियानीवर नऊ वर्षं टिकली. काठ विरला, शिवण गेली नाही.

निऱ्यांचंही तसंच. बाजारात तयार मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीत निऱ्या वरपासून खालपर्यंत दाबून शिवलेल्या असतात. फोटोला बऱ्या दिसतात, गिरकी घेतली की पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात. मास्तर निऱ्या फक्त वरची चार बोटं शिवतात, खाली मोकळ्या सोडतात. गिरकीत त्या पंख्यासारख्या उघडतात आणि थांबलं की एकावर एक येऊन बसतात. मागचा काष्टा मात्र आतून पट्टी लावून घट्ट, काठ पाठीच्या कण्याच्या रेषेत. साडी नेसलेली वाटली पाहिजे, शिवलेली वाटता कामा नये, हा त्यांचा हट्ट आहे.

आता पुरुषाच्या अंगाचं सांगतो, कारण मला विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात. आपले खांदे रुंद, कंबर सरळ. मास्तर ब्लाउजची बाही कोपरापर्यंत ठेवतात आणि तिला रुंद काठ लावतात, दंड झाकला जातो आणि नजर काठावर जाते. कंबर नैसर्गिक कंबरेच्या दोन बोटं वर बांधतात. खाली नितंबावर गादी. पहिल्या वर्षी ती स्पंजची होती. जूनच्या उकाड्यात स्पंज घामानं जड व्हायचा, घसरायचा. मग मीच कारखान्यातले टॉवेलचे कटपीस नेऊन दिले. टेरीचं कापड, पाच थर, मध्ये आडवी शिलाई. घाम पितं, जागचं हलत नाही आणि धुता येतं. आता मास्तर सगळ्यांनाच तशी गादी करून देतात आणि कटपीस मी पुरवतो. सोलापुरी टॉवेल जगभर जातो. तो आपल्या लावणीच्या अंगातही आहे, याचा मला खरंच आनंद आहे.

कापड मास्तर ठेवत नाहीत, आपलं आपण न्यायचं. मागावर काम करतो म्हणून सांगतो, साडी उजेडात धरून ताणा-बाणा बघून घ्या. विरळ बाण्याची साडी शिवणीवर सरकते, मग टाका शाबूत राहतो आणि कापडच सुटतं. गौळणीसाठी इरकल चांगली, टोपपदर लांबून उठून दिसतो. शृंगाराच्या लावणीला काठाला वजन असलेली घ्या. नऊ वार पूर्ण लागतात, कुणी साताठ वारात भागवतो म्हणाला तर ऐकू नका. दुकानात ट्यूबलाइट आहे आणि तिच्या उजेडात जांभळा निळा दिसतो, मोरपंखी हिरवा दिसतो. ब्लाउजचा खण जुळवताना खाली रस्त्यावर जाऊन उन्हात बघा. मी एकदा न बघता हो म्हटलं आणि जांभळ्यावर निळा ब्लाउज घालून एक अख्खा सीझन काढला.

घुंगरांचं काम मास्तरांच्या घरातल्या अक्का करतात. त्या आतल्या खोलीत, खिडकीखाली बसतात. मास्तरांशी कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत. घुंगरू पत्र्याचं दाबलेलं वेगळं आणि ओतीव पितळेचं वेगळं. पत्र्याचं हलकं आणि स्वस्त, पण आवाज फुटका येतो आणि वर्षात त्याचं तोंड फाकतं. ओतीव घुंगराला वजन असतं, आत लोखंडाची गोळी असते, आवाज गोल येतो. माझ्या एका पायात शंभर आहेत, दीड किलोच्या आसपास. दोरी सुती, दुहेरी. प्रत्येक घुंगराला वरून-खालून आढी घालून गाठ मारायची, नाहीतर नाचताना सगळी एका बाजूला गोळा होतात आणि घोट्याचं हाड सोलून काढतात.

गेल्या श्रावणात मी चाळ ओवायला दिले तेव्हा समोर बसून बघितलं. अक्कांनी जुनी दोरी कापली, दोनशे घुंगरं परातीत ओतली आणि एकेक उचलून कानाशी हलवायला लागल्या. डोळे मिटलेले. बरं असेल ते उजवीकडच्या ताटलीत, शंका असेल ते मांडीवर. दोनशेपैकी सात मांडीवर राहिली. त्यातली चार पूर्ण मुकी होती. आत गंज धरून गोळी चिकटली होती. मी म्हटलं, "अक्का, एकशे शहाण्णव वाजतात की, चारनं काय फरक पडतो?" त्यांनी मला ती चार हातात दिली. म्हणाल्या, "वजन बघा." वजन वाजणाऱ्या घुंगराइतकंच होतं. "वजन तुमच्या पायावर आहेच, मग आवाज का सोडायचा?" त्यांनी सुईनं गोळ्या मोकळ्या करायचा प्रयत्न केला, दोन सुटल्या, दोन नाही. त्या जागी नवी घातली आणि आवाज जुळेपर्यंत सहा नवी बदलून बघितली. या कामाचे त्यांनी माझ्याकडून तीनशे रुपये घेतले, नव्या घुंगरांचे वेगळे. मला ते कमी वाटले. मी जास्त देऊ केले तर घेतले नाहीत.

दुकानात बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडं आहे. ट्रायलसाठी आलेल्यांना तिथं तासतास बसावं लागतं, आणि मी या दुकानाची शिफारस जेवढी साडीसाठी करतो तेवढीच या बाकड्यासाठी. तिथं कोण भेटत नाही! मोडनिंबकडच्या संगीत बारीतल्या बायका (बारी म्हणजे नुसत्या गाण्या-नाचाचा फड), अकलूजच्या लावणी स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या कॉलेजच्या मुली, संबळ घेऊन आलेले गोंधळी, वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, राजा करणारे एक काका ज्यांचा अंगरखा दरवर्षी ढिला करावा लागतो, हौशी नाटकाची मंडळी. सगळे कपड्यासाठी आलेले आणि सगळे धंद्याचं बोलतात. नाईट किती मिळाली, कुठल्या गावानं पैसे बुडवले, कुठं साउंडवाला चांगला आहे, सर्दीत गळ्याला काय करायचं.

एकदा संगीत बारीतल्या एक अक्का शेजारी बसल्या होत्या. तीस वर्षं बारीत काढलेली बाई. मी माझी अडचण सांगत होतो, की चालताना माझं पाऊल अजून पुरुषासारखं पडतं. त्या म्हणाल्या, "अरे, मी काय घरात अशी चालते होय? पाणी भरायला जाताना मी तुझ्यासारखीच ढांगा टाकत जाते. स्टेजवरची बाई आम्हालाही शिकावीच लागली. माझ्या मावशीनं उंबरठ्यावर काठी आडवी धरून चालायला शिकवलं." मी त्या दिवसापर्यंत असं धरून चाललो होतो, की बायकांना हे उपजत येतं आणि मी बाहेरून उचलतोय, नक्कल करतोय. त्या बाईनं एका वाक्यात मला नकलेतून काढून शिकणाऱ्याच्या रांगेत बसवलं. मग त्याच आणखी एक गोष्ट म्हणाल्या. "लोक म्हणतात, तुमच्या रक्तातच आहे. रक्तात काय नसतं बाबा, गुडघ्यात असतं."

त्याच बाकड्यावर एक तृतीयपंथी कलाकार भेटतात. देवीचा जोगवा आणि लावणी, दोन्ही करतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कुणा नवीन माणसानं मला विचारलं, तुम्ही काय करता. मी लगेच माझं नेहमीचं सुरू केलं, बायको, मुलगा, नोकरी. ताई शांतपणे ऐकत होत्या. तो माणूस गेल्यावर म्हणाल्या, "दादा, एवढी घाई कशाची करतोस? नाचतोस ते सांगायच्या आधी बायको सांगतोस. मी काय सांगू मग?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाताना नवीपेठेपर्यंत तेच डोक्यात होतं. मी माझं संसारीपण ढालीसारखं पुढं धरत होतो आणि ती ढाल धरताना शेजारी बसलेल्या माणसाला उघड्यावर पाडत होतो. त्यांच्याकडं अशी ढाल नाही, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या नाचतात. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी आधी लावणी करतो म्हणून सांगतो. वरही मी घर सांगितलं, पण लावणीच्या ओळीनंतर. हा क्रम मला त्या बाकड्यानं लावून दिला.

'नाच्या' हा शब्द आपल्याकडं शिवी म्हणून वापरतात. कोल्हापूरचे गणपत पाटील हयातभर तमाशापटांत नाच्या करत राहिले आणि लोकांनी पडद्यावरचा माणूस त्यांच्या घरापर्यंत पोचवला. काम इतकं चोख केलं की त्याचीच शिक्षा झाली. दुसरीकडं बालगंधर्व. जन्म १८८८, गेले १९६७ साली. त्यांनीही बहुतेक आयुष्य स्त्रीभूमिकांतच काढलं, आणि त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची केसांतली फुलं बघून घराघरांतल्या बायका तसं नेसायच्या, तसं माळायच्या. काम एकच. एकाला शालूचा मान आणि दुसऱ्याला टिंगल. संगीत नाटक आणि तमाशा यांच्या मधली भिंत कपड्याची नाही, ती बघणाऱ्याच्या मनातली आहे. शाळा सोलापुरात झालेल्या अतुल कुलकर्णींनी २०१० साली 'नटरंग'मध्ये नाच्या उभा केला तेव्हा आमच्या कारखान्यातली माणसं पहिल्यांदा माझ्याशी त्या कामाबद्दल नीट बोलली. आधी हसणाऱ्या एकानं विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात. मी त्या सिनेमाचा त्यासाठी ऋणी आहे. आणि लावणी तर आपल्या गावची. शाहीर राम जोशी सोलापूरचेच. इथल्या माणसानं लावणीची लाज धरावी, हे मला अजिबात पटत नाही.

मास्तरांच्या दुकानात ती भिंत नाही. हौशी नाटकातल्या डॉक्टरांना आणि बारीतल्या पोरीला एकच टेप, एकच बाकडं, आणि नंबर आला की आत. हे मी चौदा वर्षं डोळ्यांनी बघितलंय.

त्यांची मापवही हा या दुकानातला सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापारी वापरतात तसली. अशा अकरा वह्या फळीवर आहेत. प्रत्येक कलाकाराला एक पान, आणि पान भरेपर्यंत दरवर्षी त्याच पानावर खाली नवी ओळ. माझ्या पानावर पहिल्या ओळीत कंबर तीस, आता चौतीस. एकदा ट्रायलची वाट बघताना मास्तरांनी मला एक जुनं पान दाखवलं, नाव अंगठ्यानं झाकून. एका बारीतल्या बाईचं. अठराव्या वर्षापासूनच्या ओळी. मध्येच एका ओळीत लिहिलेलं, 'पोटावर ४ इंच ढील, ७ वा महिना'. खाली दोन ओळी सोडून पुन्हा तेच, 'पोटावर ५ इंच, ८ वा'. त्याच्या पुढच्या वर्षी कंबर परत जुन्या मापावर आणलेली. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तमाशातल्या प्रत्येकाला पाठ आहे. भरल्या दिवसांत नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या. आम्ही ती गोष्ट अभिमानानं सांगतो. पण ते पान बघितल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं, की त्या वेळी त्या साडीला कुणीतरी ढील दिली असेल, किंवा दिली नसेल. सातव्या महिन्यात सुपारी नाकारता आली नाही, हे त्या चार इंचांत लिहिलंय. मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. "टाके कच्चे घातले होते," एवढंच म्हणाले, "दर आठवड्याला सोडायला सोपे."

जे कलाकार गेले त्यांची पानं ते खोडत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत. कोपरा दुमडून ठेवतात.

आता तक्रारी. त्या लिहिल्या नाहीत तर हे लिहिणं खोटं होईल.

तारीख पाळली जात नाही. सांगितलेल्या दिवसात दहा दिवस मिळवूनच सुपारी घ्या. विशेषतः डिसेंबरच्या मध्यापासून नऊवारी टाकूच नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे गावची यात्रा, आणि मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) त्या महिन्यात इथं शिवल्या जातात. तेव्हा दोन्ही खोल्या पांढऱ्या कापडानं भरलेल्या असतात, बाकड्यावरही गठ्ठे, बसायला जागा नाही. त्या कामापुढं मास्तर कुणाचंच ऐकत नाहीत आणि मला ते बरोबर वाटतं. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, त्यात माणूस आणि बाराबंदी दोन्ही वेळेवर पाहिजेत. यात्रेचे दिवस दुकान बंदच असतं. पण हे नवीन गिऱ्हाइकाला आधी सांगायला पाहिजे आणि ते सांगत नाहीत. एका पोरीचा जानेवारीतला कार्यक्रम त्यामुळं हुकला, ती माझ्यासमोर रडली. तिथं मास्तर चुकले, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

भाड्याचा माल ठीक-ठीक. राजाचे अंगरखे, मावळ्यांचे कपडे, फेटे चांगले आहेत, धुतलेले मिळतात. दागिने घेऊ नका. खडे पडलेले असतात आणि नथीची तार टोचते. टोप तर नकोच. नायलॉनचे केस लाइटखाली चमकतात आणि आतली जाळी ढिली पडलीय. टोप नेहमीच्या रंगभूषावाल्याकडून घ्या. आरसा छातीपर्यंतच दिसेल एवढा आहे, मागचा काष्टा आपला आपल्याला बघता येत नाही, कुणाला तरी बरोबर न्या. ट्रायलच्या खोलीला पूर्वी नुसता पडदा होता. तो सारखा सरकायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून मागणी केली, आता दरवाजा आहे आणि आतून कडी. बायकांना आणि ताईंसारख्यांना याची किती गरज होती ते मास्तरांना आधीच कळायला हवं होतं, पण कळल्यावर आठवड्यात सुतार आणला.

दर सांगतो, मी दिले ते. नऊवारीची शिलाई मियानी, गादी आणि अस्तरासकट बावीसशे. ब्लाउज वेगळा, साडेचारशे. साधी शिवलेली नऊवारी, लग्नात वगैरे घालायची, ती बाहेर याच्या निम्म्यात होते आणि तुम्हाला नाचायचं नसेल तर बाहेरच करा, इथं नंबर लावून कलाकारांची जागा अडवू नका. दुरुस्तीचे पैसे पहिल्या वर्षी घेत नाहीत. भाड्याच्या कपड्याला हजार रुपये डिपॉझिट, परत देताना काचकूच करत नाहीत. फोनवरून पैसे पाठवता येतात, बिल मात्र मिळत नाही, वहीत लिहिलेलं तेवढंच.

चौदा वर्षांत माझ्या चार साड्या इथं झाल्या. पाचवी परवा टाकली. गर्द वांगी रंग, काठ मोतिया, पोत मी स्वतः मोजून घेतलाय. मास्तर आता सत्तरीकडं आलेत, टेप धाकटा मुलगा धरतो आणि ते खुर्चीत बसून आकडे लिहितात. मुलगा नवा असला तरी त्यानंही मला "पूर्ण बसा" म्हणून सांगितलं. मी बसलो. उठताना हात गुडघ्यावर गेला. गेल्या पावसाळ्यापासून उजवा गुडघा दुखतोय. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो, बायको काळजी करते आणि आई लगेच नाचणं सोड म्हणते. त्रेचाळिसाव्या वर्षी आपलं नाचणं किती राहिलंय याचा हिशेब मी स्वतःशीही मांडत नाही.

मास्तरांनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "आत पट्टा घालता काय?" मी म्हटलं, कार्यक्रमात घालतो, गुडघ्याची टोपी, पण साडी तिथं दाटते आणि आकार दिसतो. त्यांनी मुलाला सांगितलं, पट्टा घालून परत माप घे. पट्टा माझ्या पिशवीत होताच. तो चढवला, पुन्हा बसलो, पुन्हा पाय पुढं टाकला. मुलानं आकडा सांगितला. मास्तरांनी माझ्या पानावर चौतिसाच्या ओळीखाली लिहिलं, 'उजवा गुडघा, पट्टा, १ इंच ढील, आतून मऊ अस्तर'. मग पेन थांबवून विचारलं, "बैठक कमी करणार का?"

मी म्हटलं, "नाही मास्तर, बैठक आहे."

"मग मियानी मोठी घालतो," म्हणाले, आणि ते लिहून पुढच्याला हाक मारली.